रत्नप्रभाबाईंच्या गच्चीची मोहीम ऊर्फ कुरड्यांचा वेढा

श्रीगजानन प्रसन्न. ज्यांस घर आहे, घरास छप्पर आहे आणि छपरास ठेकेदाराची नजर लागली आहे, ऐशा समस्त सज्जनांचे सेवेसी हा मजकूर सादर केला असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाखमासी, अरुणावतीकाठचे कसबे दिग्रस, तेथील पोस्टामागली गल्ली, येथे जे युद्ध जाहले त्यात तोफ डागली नाही, तलवार उपसली नाही, रक्ताचा थेंब सांडला नाही. गव्हाचा चीक मात्र बहुत सांडला. थोरामोठ्यांच्या लढाया लिहावयास लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, आणि गल्लीतल्या लढाया तशाच उन्हात वाळून जातात, म्हणोन हे यथास्थित लिहोन ठेवणे प्राप्त जाहले. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा ऊन कैसे होते ते वेगळे सांगत नाही.

तरी प्रथम किल्ला आणि किल्लेदारीण यांची हकीकत. मातुश्री रत्नप्रभाबाई, वय वर्षे बाहत्तर, पोस्टाचे दफ्तरी खिडकी नंबर दोनवर बत्तीस वर्षे तैनाती करोन सन्मानाने निवृत्त जाहल्या. या बत्तीस वर्षांत बाईंनी कोणासही ‘नाही’ म्हणून म्हटले नाही. तिकिटे संपली तर आपल्या पर्समधली देत, डिंक संपला तर घरची खळ आणीत, आणि खिडकी बंद करावयाची वेळ टळून गेली तरी रांगेतला शेवटचा म्हातारा सरेपावेतो बसून राहात. ऐशा नोकरीतून जमवून यजमानांसह त्यांनी दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वर गच्ची ऐसा किल्ला उभा केला. स्लॅब पडला तेव्हा उभयतांनी एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहून त्यास पाणी पाजले, आणि बाईंच्या उजव्या खांद्याने तेव्हापासून जी कुरकूर मांडली ती अद्याप चालूच आहे. यजमान कैलासवासी होऊन सात वर्षे जाहली. चिरंजीव अनिकेतराव पुणे मुक्कामी नोकरीस, ते दर रविवारी फोनवरोन आर्जव करीत की घर विकावे आणि आमच्याकडे येऊन राहावे. बाईंस दिग्रस सोडावयाचे नव्हते, परंतु नाही म्हणता येत नव्हते, मग त्या ‘बघू’ म्हणत आणि फोन ठेवून स्लॅबकडे बघत बसत.

आता गनिमाची हकीकत. ऋतिकराव ठेकेदार म्हणून एक उमदा दिसणारा इसम, पायी पांढरे शुभ्र बूट, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन हाती दोन फोन, आणि मोटारसायकलीस पाटी की ‘गच्चीतारक : मोफत तपासणी’. मोफत हा शब्द वाचून भल्याभल्यांची अक्कल गवत खावयास जाते, हे बाकी खरे. हे राव गल्लीत दाखल जाहले, एकट्या राहणाऱ्या बायाबापड्यांची घरे कोणती याची पूसतपास केली, आणि मग थेट रत्नप्रभाबाईंचे दारी मुजरा घातला. पहिल्या चहास त्यांनी बाईंस काकू म्हटले आणि दुसऱ्या चहास आई म्हटले. मग मधल्या खोलीत जाऊन पाहतात तो छतापाशी, भिंतीच्या माथ्यावर, परातीएवढा ओलाव्याचा डाग. रावांनी लोखंडी सळईने तीन ठिकाणी ठोकून पाहिले, कान लावून ऐकले, मान हालविली, आणि चष्मा काढून हुजुरात ऐसा निवाडा दिला:

“आई, स्लॅबले कॅन्सर झाला. मिरगाच्या आधी नाई तोडला, त झोपीतच अंगावर येते.”

बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. पावसाचा थेंब पडून सात महिने लोटले होते, भर वैशाखात छत गळते कैसे, हा साधा सवाल शाळकरी पोरासही सुचता. परंतु भीती मनात शिरली म्हणजे सवाल बाहेर पडतात. रावांनी कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखविली, आणि ‘आई, इथं’ म्हणाले. बाईंनी बत्तीस वर्षे लोकांस ‘इथं सही करा’ सांगितले होते, मग आपणही मुकाट्याने सही केली. शनिवारी सकाळी सात वाजता हातोडा पडणार ऐसे ठरले. तेव्हापासून बाई मधल्या खोलीत पाऊल ठेवीनात, जेवण ओसरीत, झोप ओसरीत, आणि देवपूजासुद्धा उंबऱ्याबाहेरून हात लांब करोन.

गुरुवारी, पौर्णिमेस, शेजारीण विमलताई कढीपत्ता मागावयास आल्या. विमलताई म्हणजे या गल्लीच्या सरसेनापती. पाच एकर कपाशी आणि तीन सुना यांचा कारभार एका आवाजात चालविणाऱ्या. त्यांनी ओसरीतली खाट पाहिली, बाईंचे उतरलेले तोंड पाहिले, आणि कढीपत्ता विसरून कागद मागितला. कागदात बारीक अक्षरांत लिहिले होते की, एकदा का हातोडा पडला तर पुढील संपूर्ण काम याच ठेकेदाराचे, दुसऱ्या कोणास हात लावता येणार नाही, आणि ठेकेदार जैसे मागेल तैसे मालकाने पुरवावे. विमलताईंनी ते दोनदा वाचले आणि त्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. त्या म्हणाल्या:

“रत्नाबाई, इंदूचं घर याच पांढऱ्या बुटायनं खाल्लं.”

इंदुताईंची हकीकत ऐसी की, मागल्या गल्लीत त्यांचे एक खोलीचे घर, शिवणकामावर गुजराण, मागे पुढे कोणी नाही. गेल्या उन्हाळ्यात याच रावांनी त्यांचे अर्धे छत फोडले, मग आणखी मागितले, मग आणखी मागितले, आणि इंदुताईंपाशी देण्यासारखे काही उरले नाही तेव्हा टेम्पो घेऊन निघोन गेले. कागदाच्या धाकाने दुसरा मिस्तरी हात लावीना. सगळा पावसाळा घरात कोसळला. तेव्हापासून इंदुताई महागावी भावाचे घरी स्वयंपाकघरात अंथरूण घालीत, आणि शिलाई मशीन इकडे ताडपत्रीखाली गंजत पडलेली. हे ऐकून रत्नप्रभाबाईंनी डोळ्यांस पदर लावला. आपलेही असेच होणार, चार दिवसांत पुण्यास जाऊन सुनेच्या घरात पाहुणी म्हणून बसावे लागणार, हे त्यांस लख्ख दिसू लागले.

मग मसलत बसली. मसलतीस शेजारचे नरहरपंत यांस पाचारण केले. हे पंत तहसील दफ्तरी चौतीस वर्षे कारकुनी केलेले, निवृत्त जाहले तरी अर्जाची खाज न गेलेले. त्यांनी शुक्रवारी दुपारपावेतो सात प्रतींत अर्ज लिहिला, त्यात ‘सदरहू गळती’ हा शब्द एकोणीस वेळा घातला, नगरपरिषदेत आणि ठाण्यात देऊन आवक शिक्का मारून घेतला, आणि घामाघूम होऊन परत आले. जबाब ऐसा मिळाला की, शनिवार-रविवार सरकारी दरबार बंद; सोमवारी अभियंता साहेब खासे येऊन छत पाहतील, छत शाबूत निघाले तर कागद खोटा पडेल. परंतु मधल्या दोन दिवसांत एक जरी हातोडा पडला तर शाबूत काय नि फुटके काय, कशाचाच पुरावा राहणार नाही. रावांनी शनिवार मुद्दाम नेमला होता हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले. पंतांनी आणखी एक ताकीद दिली की, मजुरांस कोणी बोट लावू नये, शिवी देऊ नये, नाहीतर उलटी फिर्याद आपल्यावरच होईल.

तर बोट न लावता, शिवी न देता, दोन दिवस गच्ची राखावी कैसी? सगळी मसलत छताकडे बघत बसली. आणि मग विमलताईंच्या मस्तकी जी युक्ती उदय पावली ती बड्या बड्या मुत्सद्द्यांसही सुचली नसती. विमलताईंचे घरी कुरड्यांचे गहू तीन दिवसांपासून भिजत पडलेले होते. यंदा लग्नसराईपायी त्यांचे वाळवण मागे पडले होते, त्याचा तोवर त्यांस बहुत संताप होता. त्यांनी फर्मान काढिले की, गल्लीतल्या समस्त घरांचे वाळवण यंदा रत्नाबाईंच्या गच्चीवर पडेल. या मुलुखात वाळत्या अन्नावर पाय देणारा माणूस अजोन जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर त्याची आई त्यास घरात घेणार नाही.

वैशाख वद्य द्वितीया, मंदवासरे, म्हणजे शनिवारी, पहाटे कोंबडा आरवताच बायकांची फौज जिना चढोन वर गेली. जुनी लुगडी अंथरली, चार सोरे चालू जाहले, चीक शिजवणाऱ्या खाली, कुरड्या घालणाऱ्या वर, आणि मधल्या जिन्यावर पातेल्यांची डाक. उत्तरेच्या कठड्यास मूगवड्यांचे ठाणे बसले, दक्षिणेस सांडगे, टाकीच्या बुडाशी सरगुंडे, आणि मध्यभागी कुरड्याच कुरड्या, चक्रव्यूह घालोन. उमरखेडच्या एका सुनेने साबुदाण्याच्या चकल्या आणल्या. विमलताईंचा निरोप पोहोचताच महागावच्या पहिल्या यष्टीने इंदुताई पापडांचे पीठ मांडीवर घेऊन आल्या, वर चढल्या, आणि गच्चीच्या ऐन मध्यावर पोळपाट मांडून बसल्या. सूर्य उगवला तेव्हा त्या गच्चीवर चिमणीसही उतरावयास जागा नव्हती. रत्नप्रभाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. ही एवढी सगळी फौज आपल्यासाठी, ऐसे त्या मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

सात वाजता टेम्पो आला. टेम्पोत छत फोडावयाचे ब्रेकर मशीन, घमेली, फावडी, आणि पूनमसिंग मिस्तरी आपल्या चार गड्यांसह. पूनमसिंग हे तांड्यावरचे जुने कारागीर, तीस वर्षे स्लॅब टाकीत आलेले; रावांकडे नुकतेच रोजंदारीस लागले होते. ते खांद्यावर घण घेऊन जिना चढले, शेवटच्या पायरीवर आले, समोर पाहिले, आणि थांबले. मग त्यांनी खाली वाकून आधी चपला काढल्या. मागून चौघांनीही काढल्या. खालून ऋतिकरावांचे फर्मान सुटले की, उचलून बाजूस करा. पूनमसिंगांनी सांगून पाठविले की, ओल्या कुरड्या उचलल्या म्हणजे तुटतात. दुसरे फर्मान सुटले की, तुटल्या तर तुटू द्या. यावर पूनमसिंगांनी खाली वळोन ऐसे पाहिले की तिसरे फर्मान रावांच्या तोंडातच राहिले.

आणि इतक्यात विमलताईंनी आपला दारूगोळा डागला. पाच वाट्या गरम चीक, वर कच्चे तेल आणि साखर. वाळवणाचे घरी जो येईल त्याने चीक खाल्ल्याविना जावयाचे नाही, हा रिवाज. तो मोडणे मिस्तरींसही शक्य नव्हते. पाचही जण जिन्यावर ओळीने बसोन जेवते जाहले, दुसरी वाटी घेतली, तिसरीस नको नको म्हणत घेतली. खाल्ल्या मिठास जागणे म्हणजे काय ते मग दिसले. पूनमसिंगांनी हात धुतले, आणि आपणहून मधल्या खोलीत जाऊन तो डाग पाहिला. स्लॅबवर हात फिरविला, ठोकला, पुन्हा ठोकला. मग भिंत धरून बाहेर गेले, वळसा घातला, आणि नरहरपंतांच्या अंगणात शिरले. नरहरपंतांचा कूलर सामाईक भिंतीस टेकवून ठेवलेला, त्याचा पाण्याचा पाइप वर भिंतीच्या माथ्याशी निसटलेला, आणि फाल्गुनापासून धार बिनबोभाट बाईंच्या भिंतीत मुरत होती.

मिस्तरींनी परत येऊन सर्वांसमक्ष सांगितले, “याडी, पाणी वरून नाई, बाजूनं येऊन राह्यलं. स्लॅब तुमच्या नातवालेही पुरते.”

याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. बाईंस त्या आठवड्यात आई म्हणणारे हे दुसरे, परंतु फरक कळावयास एवढे पुरे होते. इकडे नरहरपंतांची अवस्था काय वर्णावी! सदरहू गळतीविरुद्ध एकोणीस वेळा लिहिणारा हात, आणि गळतीचा कर्ता तोच. पंत लालेलाल जाहले, मग पांढरे जाहले, मग धावत जाऊन कूलर बंद केला आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलरविना बसून आठवी प्रत लिहिली, त्यात आपला गुन्हा कबूल केला. विमलताईंनी त्यांस ‘घ्या आता शिक्का मारून’ म्हणून चिडविले.

पूनमसिंग आपल्या गड्यांनिशी रावांची चाकरी सोडून तांड्यास निघोन गेले. रावांनी जाता जाता गर्जना केली की, उद्या दुसरे गडी आणतो आणि बघतो. आणि गल्लीने विजयाची थाळी वाजवावी तो नवेच संकट उभे राहिले. वऱ्हाडच्या सूर्याने दगा दिला. दुसरीकडे कुरड्या वाळावयास तीन दिवस लागतात. इकडे दुपारी चारलाच त्या खडखडीत वाळून गोळा करावयाच्या झाल्या, आणि संध्याकाळी गच्ची पुन्हा उघडी पडली. उद्याची रसद कोठून आणावी? मग घरोघर जासूद गेले. रविवारी सकाळी वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या आल्या, हळकुंडे आली, तुरीची डाळ आली, गाद्या आल्या, उशा आल्या. एकाने मुलाची पुस्तकेही ऊन दाखवावयास आणली. मिरच्यांचा ठसका असा की अर्धी फौज शिंकत होती आणि उरलेली हसत होती, आणि त्या गोंधळात रत्नप्रभाबाईही हसल्या, ही त्या आठवड्यातली पहिली खेप.

ऋतिकराव आले ते एकटेच. दिग्रसच्या नाक्यावर बातमी पसरली होती, गडी म्हणून कोणी मिळाला नव्हता. तरी राव हिंमत सोडणारे नव्हते. ब्रेकर मशीन स्वतः खांद्यावर घेऊन जिना चढले, पांढऱ्या बुटांनिशी मिरच्यांच्या काठापाशी उभे राहिले, आणि समोर पाहतात तो इंदुताई, हाती कावळे हाकलायची काठी. रावांनी नजर चुकविली. इंदुताई उठल्या नाहीत, काठी उगारली नाही, फक्त बोलल्या:

“मागच्या साली मी एकटीच होती. म्हणून साधलं तुयं.”

रावांनी घाम पुसला, काठावरची एक गादी बुटाने सारली, हातभर स्लॅब मोकळा केला आणि मशीन टेकविली. हातभर जागाही पुरे होती. एक ढलपी उडाली म्हणजे कागद जिवंत होत होता. परंतु मशीनीस वीज लागते. राव वायरीचे टोक हाती घेऊन खाली आले आणि सवयीप्रमाणे, जैसे मागल्या दहा घरी मागितले असेल तैसे, गोड आवाजात मागते जाहले की, आई, जरा प्लगचं बटण चालू करून द्या. सगळी गल्ली बाईंकडे पाहू लागली. प्लग ओसरीत, बाईंच्या हाताशी. बाईंचा हात सवयीने वर गेला. बत्तीस वर्षांची सवय ती, एका दिवसात थोडीच सुटते? हात बटणापावेतो पोहोचला आणि तेथेच राहिला. खांदा कुरकुरला. बाईंनी वर स्लॅबकडे पाहिले, मग रावांच्या तोंडाकडे पाहिले.

“नाही,” बाई म्हणाल्या.

रावांस वाटले ऐकावयास चूक जाहली, त्यांनी पुन्हा मागितले. बाईंनी पुन्हा तेच सांगितले, या वेळी जरा मोठ्याने, आणि मग तिसऱ्यांदा कोणी न विचारताच सांगितले, कारण त्यांस तो शब्द फार आवडला. विमलताईंनी कानशिलांवर बोटे मोडली. राव वायर गुंडाळीत निघाले, आणि फाटकापाशी त्यांस मिरचीचा ऐसा ठसका लागला की मोटारसायकल चालू होईपावेतो ते सात वेळा शिंकले, ही गणती नरहरपंतांनी केली.

सोमवारी अभियंता साहेब आले, स्लॅब शाबूत ऐसा दाखला दिला, चीक नव्हता म्हणून पापड खाल्ले. पंतांच्या अर्जासोबत इंदुताईंचाही अर्ज होता, त्याची बातमी लागताच गावातली आणखी नऊ घरे आपापले कागद घेऊन ठाण्यात हजर जाहली. रावांस पाचारण जाहले. तेथे तह ठरला तो ऐसा: समस्त कागद रद्द समजावे, आणि इंदुताईंचे छत रावांनी स्वखर्चाने, पूनमसिंगांच्या देखरेखीखाली पुरे करोन द्यावे, बाकी घरांचा न्याय कोर्टात होईल. त्याप्रमाणे ज्येष्ठ शुद्धात इंदुताईंचा स्लॅब पडला. पाणी पाजावयास सगळी गल्ली बादल्या घेऊन गेली, आणि रत्नप्रभाबाईंनी डाव्या खांद्याने वाहिले. ज्येष्ठ सरता सरता सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या, निघाले.

त्या दिवशी दुपारी जेवण करोन इंदुताईंनी आपल्या खोलीत, आपल्या छताखाली, मशीनीशेजारी चटई घातली आणि निजल्या. गल्लीतल्या बाया पेढे घेऊन आल्या, भाऊ महागावाहून आला, एक गिऱ्हाईक ब्लाऊज शिवावयास आले, नरहरपंत अर्जाची प्रत घेऊन आले. दारात खुर्ची टाकून रत्नप्रभाबाई बसल्या होत्या. त्यांनी एकेकास सांगितले, नाही, आत्ता नाही, इंदू निजली आहे, आणि सर्वांस परत पाठविले. इंदुताई दिवेलागणीपावेतो निजल्या. वर्षभरात त्यांस कोणी उठविल्याविना जाग आली ती याच दिवशी. येणेप्रमाणे पोस्टामागली गल्ली फत्ते पावली, हे खरे म्हणोन लिहिले असे.